केलगेरीत दिलेली बन्नी

वसू,

परवा तुझा तेरावा झाला. पाहुणे आपापल्या गावी गेले, भाड्यानं आणलेली पातेली घासून परत गेली आणि घरात करायला एकदम काही उरलं नाही. मला रिकामं बसणं जमत नाही, हे तुला माहीत आहे. हात रिकामे झाले की मला भीती वाटायला लागते. तू म्हणायचास, "अक्का, तू भीतीचं दुकान घातलंयस की, आणि गिऱ्हाईक पण तूच एकटी." मग मी तुझ्या पाठीत धपाटा घालायची. आता कुणाला घालू?

पण आजची भीती हवेतली नाही. येत्या रविवारी सकाळी तुझ्या वर्गातली सगळी मुलं दुकानामागच्या गोदामात जमणार आहेत. मुलं म्हणायचं आपलं, त्यातली कितीतरी आता नोकरीला लागलीत, दोघांना टक्कल पडलंय. तुझ्याबद्दल चार शब्द बोलायचे असं त्यांनी ठरवलंय आणि त्यासाठी धारवाडहून महांतेशला बोलावलंय. "सरांनी ज्यूदोच्या फायनलमध्ये ज्याला पाडलं, तो माणूस बोललाच पाहिजे," असं त्यांच्यातली सुमित्रा म्हणाली. मला विचारलं, "चालेल ना, अक्का?" मी म्हणाले, "चालेल की. न चालायला काय झालं?" आणि आत जाऊन देवघरापाशी खाली बसले.

अकरा वर्षं मी तुला एक गोष्ट सांगितली नाही. महांतेशला ती माहीत आहे. बाकी कुणालाही नाही, ह्यांनाही नाही. त्या फायनलच्या आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेले होते. माझ्या भावाच्या डाव्या पायावर डाव टाकू नकोस, असा शब्द मी त्याच्याकडून घेतला. दुसऱ्या दिवशी तू जिंकलास. ती तुझी जीत होती की मी मागून आणलेली भीक होती, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या एका जितीवर तू वर्ग उभा केलास, आणि तुझी मुलं ती गोष्ट एकमेकांना सांगत मोठी झाली. रविवारी महांतेशनं तोंड उघडलं तर त्यांच्यासमोर काय उरेल? मी मेल्यावर तुला काय तोंड दाखवू?

तुझ्याबद्दलची ही भीती कधीची आहे, सांगते. तू चार वर्षांचा होतास, मी नऊ. तुझा डावा पाय तापात गेला होता आणि तुला फिरवायचं काम माझ्या कमरेवर आलं होतं. हुबळीला दुर्गदबैलच्या बाजारात एकदा एक सुटलेला वळू शिरला. लोक पळाले. मीही पळाले, तुला एका भाजीवालीच्या टोपलीशेजारी ठेवून. लांब जाऊन वळून बघितलं तर तू तसाच बसलेला. वळू आला, तुझ्या शेजारच्या मेथीच्या दोन जुड्या त्यानं खाल्ल्या आणि तो निघून गेला. घरी येताना तू कमरेवरून माझ्या कानात विचारलंस, "अक्का, तू पळालीस?" मी म्हणाले, "आईला सांगू नको हां." तू सांगितलं नाहीस. मोठेपणी मात्र प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा रंगवायचास, आणि दर वर्षी वळूचं वजन वाढत जायचं. सगळे हसायचे, मीही हसायची. पण त्या दिवशीच मी ठरवलं होतं की पुन्हा तुला टाकून पळायचं नाही. त्याचा परिणाम असा झाला की तू कुठंही निघालास की मी आडवी यायला लागले.

सतराव्या वर्षी तू विद्यानगरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये ज्यूदो बघून आलास. लष्करातून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे एक हवालदार तिथं शिकवायचे. बुटके, हडकुळे, पण आपल्या दीडपट माणसाला उचलून आपटायचे म्हणे. तू गुडघ्यावर हात दाबत दाबत त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलास आणि विचारलंस, एका पायाच्या माणसाला शिकवता का. त्यांनी तुला आपादमस्तक बघितलं. "पडायला येतं का?" "रोज पडतो." "मग निम्मं शिक्षण झालंय तुझं. उद्यापासून ये." हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की तो हवालदार माझ्यासमोर बोलला असं वाटतं.

घरी रणकंदन झालं. अप्पा दुकानात सुतळीचे गुंडे मोजत होते, ते तसेच हातात धरून ओरडले, "लंगडं पोर मुद्दाम मार खायला पाठवतो का रे कुणी?" तू म्हणालास, "अप्पा, रस्त्यात फुकट पडतो मी. तिथं शिकून पडेन." अप्पा पुन्हा गुंडे मोजायला लागले. मला मात्र उत्तर सुचलं. लहानपणी डॉक्टर जे बोलले होते ते मी काढलं, की ह्या पायाचं हाड पाटीवरच्या पेन्सिलीसारखं आहे, एकदा मोडलं की नीट जुळणार नाही. तू माझ्याकडं असं बघितलंस की ती नजर मला अजून दिसते. "तू तरी असं बोलू नको की गं, अक्का," एवढंच म्हणालास.

मग त्याच तोंडानं मी तुझं जॅकेट शिवलं. बाजारात तसलं जॅकेट मिळत नव्हतं, आणि हवालदार सर म्हणाले होते की माणूस उचलला तरी फाटता कामा नये. मी जाड खादी दुहेरी घेतली आणि वाकळेला घालतात तसे बारीक टाके घातले, आडवे आणि उभे. प्रत्येक टाक्याला मनात म्हणायची, टिकू दे, टिकू दे. तू घालून आरशासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "आता मला थंडी वाजणार नाही आणि लाजही." मला रडू आलं, तेव्हा तू माझी नक्कल करून दाखवलीस.

तू संध्याकाळी घरी येऊन सांगायचास आणि मी पोळ्या लाटताना ऐकायची. समोरच्याचं जॅकेट घट्ट धरलं की गुडघ्यावरचा हात सुटतो. मग तू तीन पायांवर उभा असतोस, त्याचे दोन आणि तुझा एक. हे ऐकायला मला आवडायचं. पण पुढं डाव आले की मी कानावर हात ठेवायची. "अक्का, एकदा ये तरी बघायला. डाव्या पायाचं मी काय केलंय ते बघ." मी म्हणायची, "नको बाबा, मला नको सांगू, तू धड घरी आलास ना, झालं." तुझी एकही लढत मी बघितली नाही. आले तरी हॉलच्या बाहेर थांबायची. आतून ताडपत्रीवर अंग आपटल्याचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तो तुझा आवाज की दुसऱ्याचा हे ओळखायचा प्रयत्न करत मी भिंतीला टेकून उभी राहायची.

आता त्या दसऱ्याचं. आणीबाणी उठली त्याच वर्षीचा. माझं लग्न होऊन मी धारवाडला होते. खंडेनवमीला पहिल्या फेऱ्या झाल्या, दसऱ्याची सुट्टी, आणि दुसऱ्या दिवशी फायनल. नवमीला संध्याकाळी तू मुद्दाम धारवाडला आलास, तुझे डोळे चमकत होते. "अक्का, फायनल! आणि समोर कोण, माहीत आहे? तुमच्या केलगेरीचा महांतेश. गरडीत, तालमीत घुमलेला गडी आहे. पायावरच डाव टाकतो. आज एकाचा घोटा असा सुजवला की बूट कापून काढावा लागला." हे तू कौतुकानं सांगत होतास रे! माझ्या हातातली ताटली खाली पडली. तू ती उचललीस आणि हसत म्हणालास, "त्याला पायच घेऊ दे की." मला वाटलं, तुला वेड लागलंय.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं धारवाड बन्नी द्यायला बाहेर पडलेलं. शमीची चार पानं हातावर ठेवायची, "बन्नी तगोंडु बंगारधांग इरोणु" म्हणायचं, बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू, आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. त्या दिवशी कुणी कुणाचं दार बंद करत नाही आणि बन्नी दिलेल्या हाताला नाही म्हणत नाही. मी सासूबाईंना सांगितलं, शेजारी जाऊन येते. आणि पदरात बन्नी बांधून तळ्याच्या कडेकडेनं थेट केलगेरीला गेले. ओळख ना देख. म्हशींच्या गोठ्याशेजारचं घर, एवढंच विचारून काढलं होतं.

त्याच्या आईनं मला पाटावर बसवलं, गूळ-शेंगदाणे दिले. महांतेश आतून आला. दाराएवढा. मी मुकाट्यानं त्याच्या हातावर बन्नी ठेवली. तो वाकून माझ्या पाया पडला आणि मग मी भडाभडा बोलले, कानडीत, मराठीत, जसं येईल तसं. मी वसूची बहीण. त्याचं हाड कच्चं आहे. उद्या त्याच्या डाव्या पायाला शिवू नको. तो कितीतरी वेळ हातातल्या पानांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अक्कारं, बन्नी कोट्टीरी. नानेन अनलि?" बन्नी दिलीत, आता मी काय बोलू? मी उठले आणि आले. येताना मला इतकं हलकं वाटत होतं की मी रस्त्यात दोन अनोळखी बायकांनाही बन्नी दिली.

दुसऱ्या दिवशी मी विद्यानगरला आले खरी, पण आत आले नाही. हॉलच्या मागं नळ होता, तिथं तोंडावर पाणी मारत उभी राहिले. आतून पहिल्यांदा बराच वेळ काही नाही. मग एक मोठा आवाज आणि मग टाळ्या. तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या गळ्यात हार होता आणि कपाळावर टेंगूळ. महांतेश तुझ्या मागून आला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि झटकन मान खाली घातली. त्याची ती खाली गेलेली मान मी अकरा वर्षं बघते आहे. तेव्हाच मला कळलं की मी काय करून बसले. त्यानं तुला सोडलं, वसू. माझ्यामुळं सोडलं. असंच मला वाटलं.

आणि तू? तू त्या हारावर दुनिया उभी केलीस. अप्पांनी पेपरात तुझं नाव वाचलं आणि गोदामातल्या काथ्याच्या गाठी आपणहून हलवून दिल्या. तू खाली लाकडाचा भुसा पसरलास, वर ताडपत्री ताणलीस. जुन्या हुबळीतली, बाहेरची, ज्यांना शाळेत खेळाच्या तासाला पाण्याच्या माठाजवळ बसवायचे ती सगळी मुलं तू गोळा केलीस. धडधाकटही होती. सगळ्यांना सहा आठवडे फक्त पडायला शिकवायचास. हनुवटी छातीला, तळहात जमिनीवर आपटायचा, श्वास सोडायचा. शेजारचे विचारायचे, तुमच्या गोदामात रोज कुणाला बडवतात हो? मी त्या सगळ्यांची जॅकेटं शिवली. घाबरत घाबरत शिवली, पण शिवली.

आपलं खरं भांडण झालं ते सुमित्रावरून. तिचा उजवा पाय तुझ्या डाव्यासारखा. तिची आई माझ्याकडं येऊन रडली, आणि मी तुला म्हणाले, "पोरीची जात आहे. हात मोडला तर उद्या लग्न कोण करणार?" तू ताडकन म्हणालास, "आणि नाही मोडला, नुसती घरात बसून राहिली, तर कोण करणारेय?" मी म्हणाले, "तू जिंकलास म्हणून सगळेच जिंकणार नाहीत." आणि बोलता बोलता माझी जीभ अडली, कारण पुढचं वाक्य ओठावर होतं. तूही कुठं जिंकलास, हे ते वाक्य. मी गिळलं. तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. त्या भांडणात तूच बरोबर होतास, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते. तूच बरोबर होतास.

दर दसऱ्याला तू बन्नी घ्यायला यायचास आणि हातावर पानं ठेवली की विचारायचास, "आणि काय, अक्का?" मी म्हणायची, "आणि काय असायचंय? जेवून जा." तू माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघायचास. मला वाटायचं, माझ्या कपाळावर लिहिलंय की काय.

दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी तुझ्या पायथ्याशी बसून डावा पाय चोळत होते. तो काही दुखत नव्हता, मला दुसरं काय करायचं कळत नव्हतं. तू डोळे उघडून म्हणालास, "काय गं? काही सांगायचंय काय?" सांगायला हवं होतं. खोलीत आपण दोघंच होतो. मी म्हणाले, "उसाचा रस आणू का?" तू डोळे मिटलेस. "आण की," म्हणालास. मी रस आणायला गेले, वसू. पळालेच म्हण.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं होतं. पुढं लिहायचा धीर झाला नाही. आज सोमवार आहे. रविवार होऊन गेला.

गोदाम भरलं होतं. तुझा फोटो काथ्याच्या गाठीवर ठेवला होता. मी दाराजवळ बसले, म्हणजे उठून जायला बरं. महांतेश आता चांगलाच सुटलाय, मिशा पांढऱ्या व्हायला लागल्यात. तो उभा राहिला. "मी मराठी बोलतो, चुकलं तर हसू नका," म्हणाला. आणि पहिलंच वाक्य, "फायनलच्या अगोदर ह्या अक्का माझ्या घरी आलत्या."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं बघितलं, पण उठले नाही.

तो सांगत गेला. "अक्कानं बन्नी दिली, वसूच्या डाव्या पायाला शिवू नको म्हणून. मी रात्रभर झोपलो नाही. बन्नी घेतली म्हणजे शब्द दिला. पण गरडीत आमचे वस्ताद सांगायचे, समोरच्याला सोडून खेळलास तर तू त्याचा अपमान केलास. म्हणून सकाळी कपडे बदलायच्या खोलीत मी वसूलाच सांगितलो. म्हटलो, तूच सांग बाबा, मी काय करू. त्यानं कपाळाला हात मारला. म्हणाला, 'अरे देवा, अक्कानं माझा हुकमाचा पत्ताच काढून घेतला की.'"

गोदामात कुणीतरी हसलं. मला काही कळेना.

"त्याचा सगळा डाव त्या पायावरच होता," महांतेश म्हणाला. "बारका पाय बघून समोरचा तिकडंच धावणार. तो पाय त्यानं चार वर्षं आमिषासारखा पुढं ठेवून सराव केला होता. कुणी पायच घेतला नाही, तर तो काय करणार? माझ्या शर्टाच्या खिशात अक्काची बन्नी होती, सुकलेली. त्यानं ती काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, 'आता ही माझी बन्नी. डावा पाय घे.' मी म्हटलो, दोन बन्नी झाली, कुणाचं ऐकू? म्हणाला, 'नंतरची चालते.'"

वसू, तू हे केलंस? माझीच पानं?

"तरी अक्काचा मान राखायचा म्हणून पहिला अर्धा वेळ मी पायाला शिवलो नाही. तुमचे सर गुणांत मागं पडत होते. मग त्यांनी माझी कॉलर ओढून कानात विचारलं, 'माझी बन्नी विसरलास काय रे?' मला राग आला. मी सगळी ताकद लावून पाय घेतला. खोटं नाही, सगळी. त्याच्यानंतर मला हॉलचं छप्पर दिसलं."

मुलं टाळ्या वाजवायला लागली. मी उभी राहिले, कशी राहिले माहीत नाही, आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मग त्या दिवशी मला बघून मान का खाली घातलीस?" तो गोरामोरा झाला. "शब्द मोडलो होतो की, अक्कारं. तोंड कसं दाखवू?"

"आणि वसूनं मला का सांगितलं नाही?"

त्यानं तुझ्या फोटोकडं बघितलं. "दर दसऱ्याला भेटलो की मी विचारायचो, अक्कानं सांगितलं काय? तो म्हणायचा, 'ह्या वर्षी पण नाही. विचारलं तर जेवून जा म्हणते. तिचं तिला सांगू दे. मी बोललो तर ती लाजेनं माझ्यासमोर यायची नाही.'"

मला तुझा इतका राग आला की विचारू नको. अकरा वर्षं, वसू! तू नुसतं म्हणाला असतास, अक्का, मला ठाऊक आहे, तर मी सुखानं झोपले असते. पण मग दवाखान्यातला तो प्रश्न आठवला, आणि तुझे मिटलेले डोळे. तू तेव्हाही वाट बघत होतास. मी तोंड उघडावं म्हणून आजारी माणसानं वाट बघितली, आणि मी रस आणायला गेले. राग तिथंच विरला. त्याच्या जागी जे आलं ते राहणार आहे, मला माहीत आहे. मी कितीही लिहिलं तरी राहणार आहे.

मी महांतेशला म्हणाले, "मी ती लढत बघितली नाही. मला दाखव."

त्यानं आपल्या पोटाकडं बघितलं, ताडपत्रीकडं बघितलं. सुमित्रा मात्र तोवर खाली बसून पायाचा लोखंडी पट्टा सोडायला लागली होती. तिनं जॅकेट चढवलं, मीच शिवलेलं. "पाय माझा उजवा आहे, अक्का," ती म्हणाली, "तेवढं उलटं धरा."

महांतेशनंही कुणाचं तरी जॅकेट चढवलं आणि दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. एकमेकांची जॅकेटं धरली. माझे हात आपोआप डोळ्यांकडं निघाले, ते मी मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले. डोळ्यांवर माझा ताबा नाही, हातांवर तरी असावा. महांतेशनं पाय टाकला, थेट तिच्या त्या बारक्या पायावर. माझ्या तोंडून किंकाळी गेली. ती मागं पडली, संपलंच असं वाटलं, पण ती पडली नव्हती, ती मुद्दाम बसली होती. तिचा चांगला पाय त्याच्या पोटाला लागला आणि तो एवढा गडी तिच्या डोक्यावरून पलीकडं गेला. पाठ आपटल्याचा आवाज आला. तोच आवाज. मी आयुष्यभर भिंतीपलीकडून ऐकलेला. ताडपत्रीच्या फटीतून भुसा उडाला.

मी धावत त्याच्यापाशी गेले. "खरं सांग, मुद्दाम पडला नाहीस ना?"

तो आडवा पडल्या पडल्या कण्हला. "नन्न बेन्न केळ्री, अक्कारं." माझ्या पाठीला विचारा.

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता तिथंच भुशात बसून रडले. इतकं तर मी तू गेलास त्या दिवशीही रडले नव्हते. सुमित्रा माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. पुढच्या महिन्यात बेळगावला तिची लढत आहे. "याल ना बघायला?" म्हणाली. मी हो म्हणाले. तेव्हापासून पोटात गोळा आहे, तिच्यासाठी. तो जायचा नाही, माझा स्वभावच तसा.

पण तुझ्यासाठी जो होता, तो गेला रे. तुझ्यासाठीचा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा गोळा एका क्षणात गेला. तू स्वतःच्या पायानं जिंकला होतास, त्याच पायानं. आता मी तुझ्या लढतीला अगदी पुढच्या रांगेत येऊन बसले असते.